जिनं ओ दिली नाही

माझ्या सासूची बोलती बंद झालेली मी आयुष्यात एकदाच पाहिली, आणि तीही एका अमेरिकन बाईनं केली. सासूचं नाव सोनूबाई, मी तिला आत्या म्हणते. लग्न होऊन अठरा वर्षं झाली, एवढ्या काळात तिनं मला एक वाक्य पुरं करू दिलं असेल तर शपथ. मी बंदराजवळच्या कंटेनर यार्डाच्या ऑफिसात काम करते, दिवसभर ड्रायव्हर लोकांशी भांडते, माझं तोंडही काही कमी नाही. पण घरी आलं की माझं ऐकतंय कोण.

आत्या धवलारीण आहे. म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगावं लागतं. आमच्या उरणकडच्या आगरी लग्नात हल्ली भटजीही येतो, येऊ दे बिचारा, पण लग्न पार पडतं ते धवलारणीच्या तोंडानं. मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत ती धवले गाते, देवांना बोलावते, घरातल्या मेलेल्या माणसांना बोलावते, आणि नवरदेव रुसला तर त्याला चारचौघांत झापतेही. आत्याला वाचता येत नाही. पण गावातल्या एकेका घराची माणसं तिला पार पणज्या-खापरपणज्यापर्यंत पाठ आहेत, आणि लग्नात ती त्यांना नावानं हाक मारून जेवायला बोलावते. तेवढ्यापुरता डीजे बंद करावा लागतो. डीजेवाल्या पोरांची काय हिंमत आहे नाही म्हणायची.

तिचा बाप मिठागरावर होता. आपण चालायला शिकलो ते मिठावरच, असं ती सांगते आणि पुरावा म्हणून टाचांच्या भेगा दाखवते. तेराव्या वर्षी लग्न होऊन या गावात आली, तर सासरही मिठागरावरचंच. मग बंदर आलं. ज्या वाफ्यांतून तिनं आणि मोरूमामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मीठ ओढलं तिथं भराव पडला आणि वर कंटेनर रचले गेले. मामा शेवटी त्याच जागेवर वॉचमन झाले. "आपल्याच मिठावर पहारा करतंय," असं हसून सांगायचे. ते गेले तेव्हा आत्या खूप रडली, पण रडतानाही बोलतच होती.

आता नाव लावण्याचं सांगते, कारण सगळं रामायण तिथंच घडलं. नवरी पहिल्यांदा सासरच्या उंबऱ्यावर उभी राहते तेव्हा तिचं नाव बदलायची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं नवं नाव लिहितो. आमच्या गावात पूर्वी लिहिता कुणाला येत होतं? म्हणून इथं नाव लिहीत नाहीत, हाक मारतात. धवलारीण नवरीच्या कानात नवं नाव सांगते, मग आत जाऊन घरातून त्या नावानं मोठ्यानं हाक मारते. नवरीनं बाहेरून ओ द्यायची. ओ दिली की नाव लागलं, मग माप ओलांडून आत यायचं. लाजून गप्प राहिली तर मागून कुणीतरी दंडाला चिमटा काढतं आणि सगळे हसतात. नंतर दिवसभर पोरी तिला जुन्या नावानं हाका मारून फसवतात, चुकून ओ दिली की तोंडाला हळद. नुसती मजा असते. मी माहेरची दुर्गा. आत्यानं मला हेमाली केलं, कुठल्याशा मालिकेत ऐकलं होतं म्हणे. ती स्वतः आतून हाका मारत होती म्हणून चिमट्याचं काम नणंदेनं केलं, आणि असं केलं की आठवडाभर वळ राहिला. आधार कार्डावर मी अजून दुर्गाच आहे, ऑफिसात हेमाली, आणि बँकेत मी नक्की कोण ते बँकेलाही ठरवता येत नाही.

तर आमच्या शेजारच्या विनेशभाऊंचा अल्पेश. विनेशभाऊंचे ट्रेलर आहेत, पैसापाणी बरं आहे, त्यांनी पोराला इंजिनियर केलं आणि पोरगा अमेरिकेत लुइझियाना राज्यात गेला. माझ्या डोक्यात अमेरिका म्हणजे बर्फ आणि काचेच्या इमारती. त्यानं पाठवलेले फोटो बघितले आणि मी चाटच पडले. खाडी, चिखल, भाताची शेतं, कोळंबीच्या होड्या, आणि त्यांच्या मागं प्लांटच्या चिमणीवर पेटलेली ज्योत. आत्या मोबाइल डोळ्याजवळ नेऊन म्हणाली, "ह्यो कवा गेलाच न्हाय, हितंच कुठंतरी दडून बसलाय." तिकडे गॅस अतिथंड करून पातळ करतात, जहाजात भरतात आणि जगभर पाठवतात, त्या कामावर तो होता. तिथंच त्याला ओडेट भेटली. शाळेत शिकवते. रंगानं काळी, तिचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले.

अल्पेशनं लग्नाचं सांगितलं तेव्हा त्याची आई नीरावहिनी दोन दिवस जेवली नाही. गावाला तर विषयच मिळाला. "केवढी काळी," असं विहिरीवर कुणीतरी म्हणालं आणि आत्या उसळली, "एक उन्हाला मिठागरावर उबी ऱ्हा, मग तुजा रंग बघू." त्यानंतर निदान तिच्यासमोर तरी कुणी तोंड उघडलं नाही. वहिनीही हळूहळू वळली. पण तिनं एक अट घातली. लग्न गावात, आपल्या पद्धतीनं, एकही गोष्ट न गाळता व्हायचं.

नवरीकडचं माहेर म्हणून आमचं घर ठरलं. ओडेट आणि तिची आई व्हर्ना आठवडाभर आमच्याकडे होत्या. व्हर्नाताई साठीच्या पुढची, अंगानं भरलेली, गुडघे दुखतात म्हणून हळू चालणारी. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म गेला. पहिल्या दिवशी आत्या ओट्यावर कोळंबी सोलायला बसली, तर ही बाई शेजारी फतकल मारून बसली आणि सोलायला लागली. डोकं मोडायची, साल काढायची, धागा ओढायची, सगळं आमच्यासारखंच. आत्या तिच्या हातांकडे बघत राहिली. दुपारी ताटात भात, कोळंबीचं कालवण आणि भेंडी आली तेव्हा व्हर्नाताईनं भेंडी बोटात धरून मला इंग्रजीत सांगितलं, कारण घरात कामापुरतं इंग्रजी मलाच येत होतं, "ही आमच्या माणसांबरोबर आफ्रिकेतून आली. बाकी काही आणता आलं नाही." मी ते आत्याला सांगितलं. तिला वाटलं, सामान जास्त होतं म्हणून. आणि खरं सांगते, मलाही त्याहून पुढचं काही सुचलं नाही. शाळेत गुलामगिरीवर एक धडा होता, तो मी परीक्षेपुरता पाठ केला होता.

मी व्हर्नाताईला गाडीतून बंदर दाखवलं, उरलेली मिठागरं दाखवली, आमच्याकडच्या गॅस प्लांटची ज्योत दाखवली. ती म्हणाली, आमच्याकडे नदीच्या दोन्ही काठांना मैलोन् मैल ऊस होता. माझे आजोबा ऊस तोडायचे, त्यांचे आजोबाही तोच ऊस तोडायचे. मग उसाची जमीन कंपन्यांनी घेतली आणि रसायनांचे कारखाने उभे केले. नोकऱ्या बाहेरच्यांना मिळाल्या, धूर आम्हाला मिळाला. दक्षिणेला समुद्र जमीन गिळत चाललाय, माझ्या मामांनी ज्या गावातून कोळंबीची होडी काढली ते गाव आता पाण्यात आहे. मी स्टीअरिंग धरून नुसती ऐकत होते. ही माझ्याच गावाची गोष्ट मला इंग्रजीत सांगत होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी आत्यानं तिला नावं विचारली. नवरीकडचे पूर्वजही जेवायला बोलवावे लागतात ना. व्हर्नाताईनं आईचं सांगितलं, आजीचं सांगितलं, आजीच्या आईचं, आजीच्या आजीचं सांगितलं. आत्या एकेक घोकत होती, तिच्या तोंडात त्या नावांचं पार भजं झालं होतं. "म्होरं?" आत्या म्हणाली. व्हर्नाताई म्हणाली, "पुढचं माहीत नाही." आत्या मला मराठीत म्हणाली, "बग गो, एवढी शिकली-सवरली मानसं, आन आपलीच मानसं इसरली." मी ते भाषांतर केलं नाही. पण मनातून मलाही तसंच वाटलं.

नाव लावण्याचं ओडेटला अल्पेशनं सांगितलं होतं. कसं सांगितलं, तर "एक गमतीचा खेळ आहे, तुला एक टोपणनाव मिळेल." दीडशहाणा. आठ वर्षं त्या राज्यात राहिला, त्या बाईच्या हातचं जेवला, तिच्या पोरीच्या प्रेमात पडला, आणि त्यांच्या घरात काय घडलंय हे त्याला माहीत नव्हतं. ओडेट हसत तयार झाली. आईला सांगायचं कुणाला सुचलंच नाही.

सकाळच्या मुहूर्तावर लग्न छान लागलं. ओडेटला नऊवारी काय शोभली म्हणता, बायका बघतच राहिल्या. वरात अल्पेशच्या दारात आली, तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. उंबऱ्यावर तांदळाचं माप. आत्यानं ओडेटच्या कानात नाव सांगितलं. वहिनीनं निवडलेलं नाव रुचिका. मग आत्या आत गेली आणि तिथून खणखणीत हाक आली, "रुचिका गोऽऽ."

ओडेट हसत होती. तिला नाव नीट कळलं नसावं, ती गोंधळली. आत्यानं पुन्हा हाक मारली. ओडेट अजून गप्प, तेव्हा मागून वहिनीच्या बहिणीनं रिवाजाप्रमाणे तिच्या दंडाला चिमटा काढला. ओडेट कळवळली. बायका हसल्या. व्हर्नाताईनं माझा हात धरून विचारलं, "हे काय चाललंय?" मी म्हटलं, "तिचं नवं नाव आहे, ती ओ देईपर्यंत हाका मारायच्या. ओ दिली की ती या घरची झाली."

माझं वाक्य संपायच्या आत ती बाई पुढं गेली होती. ते दुखरे गुडघे एवढे पळतील असं मला वाटलं नव्हतं. ओडेटनं ओ द्यायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात तिच्या आईनं मागून तिच्या तोंडावर हात दाबला.

डीजे बंदच होता, त्यामुळे अंगणात एकदम काहीच ऐकू येईना. नवरीच्या तोंडावर हात, तोही उंबऱ्यावर, आणि हात दाबणारी तिचीच आई. ओडेट तो हात सोडवायला बघत होती आणि "ममा, ममा" करत होती. आत्या आतून बाहेर आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय झालं?"

"ती काय बोलते ते मोठ्यानं सांग," वहिनी मला म्हणाली. "सगळ्यांना कळू दे."

म्हणून मी मोठ्यानं सांगितलं. एकेक वाक्य. आता आठवलं तरी अंगावर काटा येतो, कारण ते वाक्य पुढं कुठं जाणार आहे हे मला माहीत नसायचं आणि ते माझ्या तोंडून बाहेर पडायचं.

व्हर्नाताई म्हणाली, "माझ्या आजीच्या आजीची आई विकत आणलेली होती. दुसऱ्या राज्यातून. तिच्या आईपासून ओढून काढली, बाजारात उभी केली, दात बघितले, आणि नदीकाठच्या उसाच्या मळ्यावर विकली. तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची होती. मालकानं तिचं नाव ठेवलं फॅनी. सकाळी सगळ्यांसमोर त्या नावानं हाक मारायचे. तिनं ओ दिली नाही. मग तिला मारलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक. तिनं ओ दिली नाही, पुन्हा मारलं. ऊस तोडून संपेपर्यंत हे चाललं. शेवटी तिनं ओ दिली. फॅनी म्हणूनच जगली, फॅनी म्हणूनच मेली. ती मनात कुठलं नाव धरून बसली होती ते कुणालाच माहीत नाही. आमच्या घरात एवढंच सांगत आलेत, की तिनं खूप दिवस ओ दिली नाही. ती जिथं पुरलीय ती जागा आता कारखान्याच्या कुंपणाच्या आत आहे. फुलं ठेवायला आम्हाला परवानगी काढावी लागते. आणि माझं आडनाव, माझ्या पोरीचं आडनाव, त्या मालकाचं आहे. आजसुद्धा."

म्हणजे काल ही बाई "पुढचं माहीत नाही" म्हणाली ते विसरली म्हणून नव्हतं. आणि आम्ही दोघी तिच्यासमोर बसून मराठीत तिला नावं ठेवत होतो.

वहिनीला तो घाव वेगळ्या जागी लागला. ती रडवेली होऊन म्हणाली, "आम्ही काय तसे हाव? आम्ही प्रेमानं ठेवतो नाव. माझंपन बदललं, सगळ्यांचंच बदलतं. नाव न लावता सून घरात कशी घेऊ?"

मी ते सांगितलं. व्हर्नाताई म्हणाली, "मला माहीत आहे, तुम्ही वाईट माणसं नाहीत. माझ्या मुलीला हवं असेल तर ती ओ देईल. पण तिला चिमटा काढून ओ द्यायला लावलेली मी ऐकू शकत नाही. मी इथून निघून जाते. कायमची." आणि तिनं ओडेटच्या तोंडावरचा हात काढला. ओडेट रडत होती. आईकडे बघत होती, अल्पेशकडे बघत होती, ना आत ना बाहेर.

सगळं अंगण आत्याकडे वळलं. निवाडा धवलारणीचा. तिनं आता नाव सोडून दिलं, तर वहिनीची सून जन्मभर नाव न लागलेली. आणि पुन्हा हाक मारली, तर त्या पोरीचं माहेर इथंच तुटणार. आणि माझी ही आत्या, जिला मी अठरा वर्षांत कधी शब्द शोधताना पाहिलं नाही, ती उंबऱ्यावर बसली. शुभकार्यात उंबऱ्यावर कुणी बसत नाही, पोरं बसली तरी ती ओरडते. बसली आणि एक शब्द बोलेना. तिचं तोंड उघडत होतं आणि मिटत होतं. मला भीती वाटली, तिला काही झटका-बिटका तर आला नाही ना. मी पाणी आणायला वळले.

तेवढ्यात तिनं मला विचारलं, "बारा-तेरा वर्सांची व्हती?"

"हो."

"आन तिला कुनीच इचारलं न्हाय, तुजं नाव काय म्हनून?"

मी विचारलं. व्हर्नाताईनं नुसती मान हलवली.

आत्या उठली. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. वहिनीच्या बहिणीला म्हणाली, "तू बाजूला व्हय. पोरीला हात लावायचा न्हाय." मग ती आत गेली. आम्ही वाट बघत होतो. आणि आतून धवल्याचा सूर आला, पूर्वजांना बोलवायचा. त्यात व्हर्नाताईच्या आईचं नाव आलं, आजीचं आलं, आजीच्या आईचं, आजीच्या आजीचं आलं, वेडंवाकडं का होईना पण आलं. मग ती थांबली, आणि पुढं गायली, "जिनं ओ दिली न्हाय ती बाय, तू पन ये गो, तुज्या नातीच्या नातीच्या नातीचं लगीन हाय." त्यानंतर हाक आली. "ओदेत गोऽऽ. आयसनं ठेवलेल्या नावाची ओदेत, घरात ये."

मी व्हर्नाताईच्या कानात सगळं सांगत होते. तिनं पोरीच्या पाठीवर हात ठेवला. ओडेटनं ओ दिली. चांगली मोठ्यानं दिली. माप ओलांडून आत गेली. वहिनी तिथंच उभी राहून पदरानं डोळे पुसत होती, पण सुनेला तिनं जवळ घेतलं. गाव काय बोलायचं ते बोललंच. आजही बोलतं.

पंगती उठल्यावर आत्या आमच्या ओट्यावर येऊन बसली, शेजारी व्हर्नाताई. आत्या अजून गप्पच होती. मला ते घर वेगळंच वाटायला लागलं होतं, नळ बंद झाल्यासारखं. व्हर्नाताईनं मला विचारलं, "अल्पेशची आई म्हणाली, सगळ्यांची नावं बदलतात. मग सोनूबाई हे नाव हिला कुणी दिलं?"

मी आत्याला विचारलं. "सासूनं," ती म्हणाली. "मीपन पयल्यांदा ओ दिली न्हवती. लोक समजले लाजली. तिनं असा चिमटा काढला की रगत आलं. सगले हसले. मंग मी दिली."

"आणि त्याआधी हिचं नाव काय होतं?"

मी विचारायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. अठरा वर्षं मी या बाईच्या हाताखाली काढली. तिच्या दुखण्याची औषधं मला पाठ आहेत, तिला कुठली मासळी चालते, कुठली बाधते ते ठाऊक आहे. हा प्रश्न मी तिला कधी विचारला नव्हता. माझा नवरा दारात उभा होता, तिचा पोटचा मुलगा, पन्नाशीला आलेला. मी त्याच्याकडे बघितलं. त्यालाही माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं ते तिचे आईबाप आणि भाऊ, ते कधीच गेले.

आत्यानं पायांच्या भेगांवरून अंगठा फिरवला. मग हळूच म्हणाली, "चांगुणा."

व्हर्नाताईनं ते नाव ओठांवर एकदा घोळवून बघितलं. मग नीट तिच्याकडे तोंड करून तिनं हाक मारली, "चांगुना."

आणि माझ्या सासूनं ओ दिली.